जरा माझा आवाज वाढव ना!

शास्त्रीय संगीताच्या मैफलीत एक दृश्य हमखास बघायला मिळतं. गायक षड्ज लावतो, दोन-चार मिनिटं आलापी होते आणि डोळे मिटलेले असतानाच त्याचा एक हात वर जातो. बोट छताकडे, पण सांगणं साउंडवाल्याला : मॉनिटर वाढवा. पाठोपाठ तबलजीची तीच खूण. मग पेटीवाल्याला वाटतं, आपणच मागे का राहावं? अर्ध्या तासात पहिल्या रांगेतले काका कानात बोट घालून बसलेले असतात.

या खुणेमागे बराच इतिहास आहे, आणि तो घडलाय रॉक बँडच्या स्टेजवर. बँड एवढ्या मोठ्यानं का वाजवतात असं कुणालाही विचारा, उत्तर येतं, "तरुण पोरं, दुसरं काय!" मला हे उत्तर कधीच पटलं नाही. तो आवाज मस्ती म्हणून वाढलेला नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. वाजवणाऱ्याला स्वतःचंच वाजवणं ऐकू येत नव्हतं, म्हणून तो वाढला. आणि गंमत अशी की तो इतका वाढवूनही ऐकू येईना ते येईनाच.

१५ ऑगस्ट १९६५. न्यूयॉर्कचं शे स्टेडियम, म्हणजे बेसबॉलचं मैदान. बीटल्सना बघायला पंचावन्न हजारांवर लोक जमलेत. रॉक बँडसाठी एवढी गर्दी ही तेव्हा नवलाची गोष्ट होती, त्यामुळे एवढ्या गर्दीला गाणं ऐकवायचं कसं हे कुणालाच माहीत नव्हतं. व्हॉक्स कंपनीनं त्यांना १०० वॅटचे अ‍ॅम्प्लिफायर दिले होते, आणि तेव्हा ते प्रचंड समजले जायचे. आपल्या घरी चटणी वाटायचा मिक्सर ५०० वॅटचा असतो! (तुलना तंतोतंत नाही, मान्य. पण अंदाज यावा.) गायकांचा आवाज कुठून? तर मैदानाच्याच लाउडस्पीकरमधून, ज्यावरून एरवी पुढचा खेळाडू कोण याची घोषणा व्हायची.

आणि समोर पंचावन्न हजार लोक, बहुतेक किंचाळणाऱ्या मुली. स्टेजवर मॉनिटर नावाची वस्तूच नाही. रिंगो स्टारनं नंतर अनेकदा सांगितलंय की त्याला काही ऐकू यायचं नाही. पुढे उभ्या तिघांच्या माना आणि कंबरा कशा हलतात ते बघून तो गाण्यात आपण कुठवर आलोय याचा अंदाज बांधायचा. जगातला सगळ्यात मोठा बँड, आणि त्याचा ड्रमर मूकपट बघून वाजवतोय. या कार्यक्रमावर जी फिल्म निघाली तिच्यासाठी जानेवारी १९६६ मध्ये लंडनच्या स्टुडिओत बसून काही भाग पुन्हा वाजवावा लागला.

पुढच्या वर्षी, २९ ऑगस्ट १९६६ ला, सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये बीटल्सनी शेवटचा तिकीट लावलेला कार्यक्रम केला आणि दौरे कायमचे बंद केले. कारणं बरीच होती, पण स्वतःचं गाणं ऐकू न येणं हे त्यातलं एक ठळक कारण. मग ते स्टुडिओत शिरले आणि तिथं त्यांनी काय केलं ते तुम्हाला माहीतच आहे.

थोडं मागे जाऊ. गिटार हे मुळात बिचारं हळू आवाजाचं वाद्य. १९३० च्या दशकातल्या अमेरिकन बिग बँडमध्ये दहा-बारा तुताऱ्या आणि सॅक्सोफोन एकदम वाजायचे, त्यात गिटारवाला नुसता शोभेला. (काउंट बेसीच्या बँडमधला फ्रेडी ग्रीन अपवाद. हा पठ्ठ्या १९३७ पासून १९८७ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, विजेशिवायची साधी गिटार वाजवत राहिला. ती वेगळी ऐकू येत नाही, पण काढून घेतली तर बँड लंगडतो असं जाणकार म्हणतात.) बाकीच्यांना वीज हवी होती. १९३२ च्या सुमारास रिकनबॅकरची 'फ्राइंग पॅन' आली. १९३९ मध्ये चार्ली क्रिश्चन बेनी गुडमनच्या गटात विजेची गिटार घेऊन बसला आणि पहिल्यांदाच गिटारवाल्याला क्लॅरिनेटवाल्याच्या तोडीस तोड बोलता आलं. म्हणजे मूळ मागणी साधी होती. मलाही ऐकू येऊ दे, एवढीच.

आता लंडन. पश्चिम लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल नावाच्या गृहस्थाचं ड्रमचं दुकान होतं. तो स्वतः ड्रमर. दुकानात येणाऱ्या गिटारवाल्या पोरांच्या फर्माइशी ऐकून १९६२ मध्ये त्यानं आपल्या माणसांकडून एक अ‍ॅम्प बनवून घेतला. अमेरिकन फेंडर बासमनचं सर्किट समोर ठेवून, मिळतील ते इंग्लंडमधले सुटे भाग वापरून. आज आपण ज्याला 'मार्शलचा आवाज' म्हणतो त्याचा जन्म असा.

या दुकानाच्या गिऱ्हाइकांत 'द हू' या बँडची दोन पोरं होती : बेस वाजवणारा जॉन एंटविसल आणि गिटारवाला पीट टाउनशेंड. त्यांचा ड्रमर कोण, तर कीथ मून! या माणसाचं वाजवणं म्हणजे भांड्यांचं कपाट जिन्यावरून सोडून द्यावं तसं. आता ड्रमची गंमत अशी की त्याला वीज लागत नाही आणि आवाज कमी करायचं बटणही नसतं. स्टेजवरच्या आवाजाची किमान पातळी ड्रमर ठरवतो, बाकीच्यांनी तिच्यावर चढायचं. तर मूनच्या वर ऐकू यावं म्हणून एंटविसलनं बारा इंची चार स्पीकरची मार्शलची पेटी घेतली. झालं, आता टाउनशेंड ऐकू येईना. त्यानंही घेतली. मग एंटविसलनं दुसरी घेतली...

१९६५ मध्ये या दोघांच्या आग्रहावरून मार्शलनं १०० वॅटचा अ‍ॅम्प काढला. टाउनशेंडला तर एकाच पेटीत आठ स्पीकर हवे होते. मार्शलनं समजावलं की बाबा, हे उचलणार कोण? पण गिऱ्हाईक ऐकेना. पेटी बनली आणि थोड्याच दिवसांत टाउनशेंड परत आला. सामान वाहणारी मंडळी बंड करून उठली होती, तेव्हा पेटी मधून कापून द्या! कापून नव्हे, पण चार-चार स्पीकरच्या दोन पेट्या करून एकावर एक ठेवल्या गेल्या. प्रत्येक रॉक बँडच्या फोटोत मागे जी काळी भिंत दिसते, ती 'मार्शल स्टॅक', ही अशी हमालांच्या कृपेनं आली.

इथं थोडं गणित सांगतो, कारण सगळी मेख त्यात आहे. आपला कान सरळ रेषेत ऐकत नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल, म्हणजे "हां, जरा वाढला वाटतं" एवढाच. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॅट दहापट करावे लागतात. म्हणजे ५० चा १०० वॅट करून टाउनशेंडनं काय मिळवलं? तीन डेसिबल. साइट हळू चालतेय ना, मग सर्व्हर दुप्पट करा, असं सांगणारा मॅनेजर ज्यांनी बघितलाय त्यांना पुढची गोष्ट सांगायला नको.

त्यात शेजारचाही वाढवतो. एतिएन लोंबार्ड या फ्रेंच कानतज्ज्ञानं १९११ मध्येच लिहून ठेवलं होतं की भोवती गोंगाट असला की माणूस नकळत मोठ्यानं बोलतो. शनिवारी रात्री कुठल्याही हॉटेलात जा, प्रत्येक टेबल शेजारच्या टेबलामुळे ओरडत असतं. कुणाचंच चुकत नाही, आणि तरी शेवटी कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. वर आणखी एक लोचा. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये बेल लॅबमध्ये दाखवून दिलं की हळू आवाजात माणसाला खर्जाचे आणि अगदी टिपेचे स्वर कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की तेच गाणं भरदार वाटायला लागतं. आणि तासाभरानं कान दमतात, बधिर होतात, म्हणून साउंडवाला पुन्हा थोडा वाढवतो. या सगळ्या साखळीत आवाज कमी करणारी एकही कडी नाही. फीडबॅक लूप आहे, पण सगळा एकाच दिशेनं पळणारा.

या चक्राला सगळ्यात भारी आणि सगळ्यात वेडं उत्तर शोधलं कॅलिफोर्नियाच्या 'ग्रेटफुल डेड' या बँडनं. मला या प्रकरणाचं फार प्रेम आहे, त्यामुळे जरा रेंगाळतो.

त्यांचा साउंडवाला आउस्ली स्टॅन्ली, टोपणनाव 'बेअर'. (त्याचा दुसरा धंदा एलएसडी बनवण्याचा होता आणि त्यासाठी तो तुरुंगातही जाऊन आला, पण तो विषय वेगळा.) त्याचं म्हणणं असं की बँडला एक आवाज आणि प्रेक्षकांना दुसरा, ही फोडच चुकीची. दोघांनी एकच ऐकावं. मग स्पीकर लोकांच्या बाजूला कशाला, बँडच्या मागेच उभे करा! त्यातून १९७४ मध्ये 'वॉल ऑफ साउंड' उभी राहिली. सहाशेच्या आसपास स्पीकर, पंचवीस हजार वॅटच्या वर ताकद, सगळं मिळून सुमारे ७५ टन वजन. २३ मार्च १९७४ ला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काउ पॅलेसमध्ये ती पहिल्यांदा पूर्ण वाजली.

मुद्दा नुसत्या आकाराचा नव्हता. प्रत्येक वाद्याला स्वतःचे वेगळे स्पीकर होते. गिटारचा आणि गाण्याचा आवाज एकाच स्पीकरमधून जात नसल्यामुळे ते एकमेकांत गढूळ होत नसत. फिल लेशच्या बेस गिटारची तर प्रत्येक तार वेगळ्या वाटेनं बाहेर काढता यायची. आणि समोर बसून मिक्स करणारा माणूसच नाही! आपला आवाज ज्यानं त्यानं सांभाळायचा.

पण स्पीकर मागे आणि माइक त्याच्या तोंडासमोर म्हटल्यावर शिट्टी वाजणारच की. लग्नाच्या हॉलमध्ये कुणी माइक घेऊन स्पीकरसमोर गेलं की जी कुंईऽऽ ऐकू येते, ती. यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे खरं इंजिनिअरिंग. प्रत्येक गायकापुढे एकावर एक असे दोन माइक, आणि त्यांची जोडणी उलटसुलट. मागच्या भिंतीचा आवाज दोन्ही माइकमध्ये सारखाच शिरतो आणि वजाबाकी होऊन शून्य होतो. गायक तोंड लावतो एकालाच, म्हणून फक्त त्याचा आवाज उरतो. आज हजारो रुपये मोजून आपण जे आवाज गाळणारे हेडफोन घेतो, त्यामागेही हीच वजाबाकी आहे. फरक एवढाच की गायकांचा आवाज त्यातून जरा किरटा यायचा.

ऐकलेले लोक सांगतात की शेकडो फूट लांबही आवाज स्वच्छ यायचा, कर्कश नाही. पण ७५ टन! एक सांगाडा उभा असताना दुसरा पुढच्या गावी रवाना करावा लागायचा, नाहीतर वेळेत उभारणी होईना. पगार, ट्रक, डिझेल... बँडचं कंबरडं मोडलं. ऑक्टोबर १९७४ मध्ये त्यांनी दौरेच थांबवले आणि ती भिंत पुन्हा तशी उभी राहिली नाही. एवढं करूनही बँड उभा कुठे होता? पंचवीस हजार वॅटच्या पुढ्यात.

बाकीच्या जगानं स्वस्तातला मार्ग धरला. स्टेजच्या कडेला, वाजवणाऱ्याकडे तोंड करून जमिनीवर तिरके स्पीकर ठेवायचे. हेच ते मॉनिटर. कल्पना उत्तम, पण त्यामुळे भांडण फक्त एक पायरी पुढे सरकलं. आता प्रत्येकजण मॉनिटरवाल्याला म्हणणार, "माझा वाढव." या धंद्यात त्याला 'मोअर मी' असं नावच पडलंय. स्टेजवर चार मॉनिटर, चारांमध्ये चार वेगळे आवाज, त्यात मागून अ‍ॅम्प, मध्ये ड्रम.

आणि मग आवाज हाच पराक्रम झाला. ३१ मे १९७६ ला द हू लंडनच्या चार्ल्टन फुटबॉल मैदानावर पावसात वाजवत होते. स्पीकरपासून ३२ मीटरवर मोजलेला आवाज भरला १२६ डेसिबल, आणि 'गिनेस बुक'मध्ये जगातला सर्वांत मोठ्या आवाजाचा बँड म्हणून नाव लागलं. ज्या गोष्टीची सुरुवात "मला ऐकू येत नाही" अशी झाली, तिचा हा असा विश्वविक्रम! गिनेसनं पुढे हा विक्रमच बंद करून टाकला, कारण तो मोडायचा म्हणजे लोकांचे कान फोडायचे.

बिल यायचं तेव्हा आलंच. टाउनशेंडच्या कानात कायमची कुंई बसली आणि ऐकूही कमी यायला लागलं. यात सप्टेंबर १९६७ मधल्या एका टीव्ही कार्यक्रमाचाही हात सांगतात. कीथ मूननं शेवटी ड्रममध्ये बार उडवला आणि टाउनशेंड नेमका जवळ होता. तो स्वतः मात्र जास्त दोष देतो स्टुडिओतल्या हेडफोनला. सकाळ-संध्याकाळ कानात बोंडं घालून स्टँडअप कॉलवर बसणाऱ्यांनी हे वाक्य जरा पुन्हा वाचावं. १९८९ च्या दौऱ्यात त्यानं बराच वेळ साधी गिटार हातात धरली आणि विजेच्या गिटारीचं काम दुसऱ्यावर सोपवलं. १९८८ मध्ये कॅथी पेक या बेसवादक बाईंनी, ज्यांचे स्वतःचे कान स्टेजवर गेले होते, सॅन फ्रान्सिस्कोत 'हिअर' नावाची संस्था काढली. वाजवणाऱ्यांच्या आणि ऐकणाऱ्यांच्या कानांसाठी. तिला सुरुवातीला पैसे देणाऱ्यांत टाउनशेंड होता.

त्याच वर्षी एटिमोटिक रिसर्च या कंपनीनं वादकांसाठी खास बोळे बाजारात आणले. फोमचा साधा बोळा वरचे स्वर जास्त खातो, त्यामुळे सगळं गोधडीखालून ऐकल्यासारखं वाटतं. हे बोळे सगळेच स्वर सारखे, साधारण १५ डेसिबलनं, कमी करतात. गाणं तेच, फक्त हळू. ही एवढीशी वस्तू मला वॉल ऑफ साउंडइतकीच मोठी वाटते.

स्टेजवरचा गुंता मात्र सुटला तो १९९५ च्या सुमारास. व्हॅन हेलन या बँडच्या मॉनिटरवर जेरी हार्वी नावाचा इंजिनिअर होता. ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलनला पुरे पडेल एवढा आवाज कुठल्याच मॉनिटरमधून निघेना. मग हार्वीनं स्पीकर त्याच्या कानातच बसवला, कानाच्या साच्यावरून बनवलेला. 'इन-इअर' मॉनिटरचे प्रयोग आधीपासून चालू होते, पण इथून त्याचा धंदा झाला. अल्टिमेट इअर्स ही कंपनी यातूनच निघाली. कानाचं भोक बुजल्यामुळे बाहेरचा गोंगाट अडतो, आणि आत ज्याला जे हवं ते. ड्रमरला बेस जास्त, गायिकेला फक्त स्वतःचा आवाज आणि थोडा पियानो. एकाचं वाढवलं म्हणून दुसऱ्याचं दबत नाही. तीस वर्षं सगळे वॅट वाढवत होते, आणि उत्तर निघालं मटाराच्या दाण्याएवढं. आउस्ली स्टॅन्ली म्हणत होता की सगळ्यांनी एकच ऐकावं. बरोबर उलटं करून प्रश्न सुटला. (यातही खुंटी पिळून कान घालवणारे आहेतच. शिवाय काहींना प्रेक्षकांपासून तुटल्यासारखं वाटतं, म्हणून समोरच्या गर्दीकडे माइक लावून तिचा आवाजही कानात सोडावा लागतो.) एसी/डीसीच्या ब्रायन जॉन्सनला २०१६ मध्ये बहिरं व्हायची भीती म्हणून दौरा अर्धवट सोडावा लागला होता. तो कानातल्याच नव्या यंत्राच्या जोरावर २०२३ मध्ये परत स्टेजवर उभा राहिला.

प्रेक्षकांकडचा प्रश्न वेगळा आहे. तिथं भांडण अंतराशी. शेवटच्या रांगेला ऐकू जावं म्हणून पहिल्या रांगेला झोडपायचं, ही जुनी पद्धत. १९७३ मध्ये अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेनला सहा लाखांच्या आसपास लोक जमले, तेव्हा मैदानात लांबवर स्पीकरचे मनोरे उभे केले गेले. पण वीज तारेतून लगेच पोचते आणि आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटरनं रमतगमत येतो. म्हणजे १०० मीटरवरचा माणूस प्रत्येक ठोका दोनदा ऐकणार. म्हणून त्या मनोऱ्यांचा आवाज डिजिटल यंत्रानं मुद्दाम उशिरा सोडला. पुढे १९९२ च्या सुमारास फ्रान्समध्ये क्रिस्तियां हाइलनं केळ्याच्या घडासारखे लटकणारे 'लाइन अ‍ॅरे' स्पीकर आणले. यांचा आवाज अंतरानुसार हळूहळू घटतो, त्यामुळे पुढच्यांना झोडपायची तांत्रिक गरज राहिली नाही.

तरीही झोडपतात! कारण आता लोकांनाच ते आवडतं. छातीत ढोल वाजला नाही तर पैसे वसूल झाल्यासारखं वाटत नाही. म्हणून मग कायदे आले. फ्रान्सनं २०१७ मध्ये मर्यादा घातली, १५ मिनिटांची सरासरी १०२ डेसिबल. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं १०० डेसिबल सुचवले, सोबत मोफत किंवा स्वस्त बोळे आणि कान निववायला शांत कोपरा. (या संघटनेची इंग्रजी आद्याक्षरं जोडून वाचली तर होतं 'हू'. एका 'हू'नं १२६ चा विक्रम केला, दुसऱ्या 'हू'नं १०० ची वेस घातली.) अमेरिकेतल्या कामगारांच्या कानांसाठी तिथल्या सरकारी संशोधन संस्थेनं घालून दिलेला हिशोब सांगतो की ८५ डेसिबल आठ तास चालतील आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. मांडून बघा, १०० डेसिबलला दिवसाचा कोटा १५ मिनिटांत संपतो. कार्यक्रम असतो अडीच तासांचा.

आपल्याकडे आवाजाची मोजदाद कानापेक्षा शेजाऱ्यांच्या बाजूनं झाली. मुंबईत धोबीतलावला झेवियर्स कॉलेजच्या शेजारी रंगभवन नावाचं उघडं नाट्यगृह होतं. १९७८ मध्ये 'जॅझ यात्रा' तिथं सुरू झाली, पुढे 'इंडिपेंडन्स रॉक'नं ते गाजवलं, आणि घामाघूम पोरांच्या दोन पिढ्या तिथं मोठ्या झाल्या. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालयं, शाळा, न्यायालयं यांच्या भोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र. रंगभवनच्या एका बाजूला कॉलेज, जवळच कामा आणि जीटी हॉस्पिटल. काही वर्षांतच तिथलं संगीत थांबलं. कामा हॉस्पिटलात नुकतंच बाळंत झालेल्या बाईला इंडिपेंडन्स रॉक नको असणार, हे कुणालाही पटेल. तरी त्या जागेची हळहळ वाटतेच. रात्री दहाची वेळ सगळ्यांनी घड्याळात पाठ केली, पण आत उभ्या असलेल्या पोराच्या कानावर किती डेसिबल पडतात हे मोजायला तेव्हाही कुणी नव्हतं.

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले वाजवून गेले. तुमच्यापैकी निम्मे तिथं होते, बाकीच्यांची तिकिटं रांगेत अडकली. त्यांचा गायक क्रिस मार्टिन याच्या कानातही बरीच वर्षं ती कुंई आहे. तो ती लपवत नाही, जाहीर सांगतो आणि कान झाकूनच गातो. पुढच्या वेळी स्टेजवर तो दिसला तर त्याच्या केसांऐवजी कानाकडे बघा. आणि एटिमोटिकच्या त्या बोळ्यांसारखे बोळे आता ऑनलाइन मिळतात, कोल्डप्लेच्या तिकिटाच्या मानानं फारच स्वस्त.